पडद्यावरचा अंधार

डोळ्यांच्या दवाखान्यातल्या प्रतीक्षागृहाइतकी लेखकाला निरुपयोगी अशी दुसरी जागा नसेल. बाहुली मोठी करण्यासाठी डोळ्यांत थेंब घातले की अर्ध्या तासात समोरची अक्षरे विरघळू लागतात. वर्तमानपत्राची घडी घालून ठेवावी लागते. मोबाईलवरचे आकडेही पुसट होतात. मग उरतात फक्त कान. गेल्या महिन्यात आमच्या सोलापुरातल्या अशाच एका दवाखान्यात मी कानांच्या भरवशावर बसलो होतो. शेजारी पूर्व भागातली एक विडी कामगार बाई होती. साठीची असावी. सोबत मुलगी. दोघींचे आपसांत तेलुगू आणि माझ्याशी मराठी चालले होते. विड्यांना दोरा बांधताना टोक दिसेनासे झाले, कारखान्यात छाट, म्हणजे नापास विड्या, वाढू लागल्या, म्हणून ती आली होती.

आत जाऊन बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा पडलेला होता. "मोतीबिंदू नाही म्हणूलालेत," ती म्हणाली.

"मग बरेच झाले की, अक्का."

"बरं कशाचं, साहेब? मोतीबिंदू असता तर काढून टाकले असते. ह्याला पडद्याला साखर लागली म्हणतेत. आत रक्त सांडलंय म्हणे."

मोतीबिंदू असता तर बरे झाले असते! माझ्या वडिलांच्या पिढीतल्या कोणाला हे वाक्य कळलेच नसते. पण त्या बाईचे म्हणणे शंभर टक्के खरे होते, आणि आपल्याकडच्या नेत्रविकारांची गेल्या पन्नास वर्षांतली सगळी कहाणी त्या एका वाक्यात मावते.

माझ्या वडिलांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया सत्तरच्या दशकात झाली. त्यानंतर डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या ठेवून त्यांना कित्येक दिवस उताणे निजवले होते. खोकायचे नाही, हसायचे नाही. घरी आले ते बाटलीच्या बुडासारख्या जाड भिंगांचा चष्मा घेऊन. त्या चष्म्यातून त्यांना जग दिसे, पण फुगलेले आणि हातभर जवळ सरकलेले. चहाचा कप घ्यायला गेले की हात अलीकडेच पडायचा. डोळ्यातले नैसर्गिक भिंग काढून टाकायचे आणि त्याची भरपाई नाकावरच्या चष्म्याने करायची, अशी ती पद्धत होती.

डोळ्याच्या आतच कृत्रिम भिंग बसवण्याची कल्पना तोवर जुनी झाली होती. लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात हॅरल्ड रिडली यांनी २९ नोव्हेंबर १९४९ रोजी पहिले असे भिंग बसवले. दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या फुटलेल्या छताचे प्लास्टिकचे कण घुसत, आणि डोळा ते कण निमूटपणे सामावून घेतो हे त्यांनी पाहिले होते. त्यावरून त्यांना हे सुचले. पण हे भिंग गरिबांच्या डोळ्यापर्यंत पोहोचायला चार दशके लागली. मदुराईला डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी १९७६ मध्ये अकरा खाटांवर सुरू केलेल्या अरविंद नेत्र रुग्णालयाने १९९२ साली स्वतःचा भिंगांचा कारखाना काढला, तेव्हा परदेशी भिंगांच्या किमतीचा तोरा उतरला. १९९४ पासून जागतिक बँकेच्या साहाय्याने सात राज्यांत मोतीबिंदूविरोधी मोहीम राबवली गेली. त्यात महाराष्ट्र होता. त्याआधीपासून शिबिरे होतीच. शेजारच्या विजापूर जिल्ह्यात जन्मलेल्या डॉ. मोदींची अफाट शिबिरे आमच्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी असत. पुढे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातले डॉ. तात्याराव लहाने आनंदवनापर्यंत शिबिरे घेऊन गेले. खुपऱ्यांनी तर एके काळी घरेच्या घरे आंधळी केली. त्यांचे सार्वजनिक संकट भारतातून हटल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये मान्य केले.

हे सारे अभिमानाचेच आहे. काम संपलेले नाही हेही खरे. २०१५ ते २०१९ या काळातल्या राष्ट्रीय पाहणीत पन्नाशीपुढच्या लोकांमधल्या अंधत्वापैकी ६६.२ टक्के अंधत्व मोतीबिंदूचेच निघाले. पण या यशाने आपल्या मनात एक समीकरण घट्ट बसवले: दिसत नाही म्हणजे मोतीबिंदू, मोतीबिंदू म्हणजे शस्त्रक्रिया, शस्त्रक्रिया म्हणजे पुन्हा दृष्टी. "पिकू द्या, मग काढू" हे वाक्य घराघरांत झाले. ज्या विकारात पिकू देणे म्हणजेच घात, तो विकार त्यामुळे कोणाच्या हिशेबातच राहिला नाही.

त्या विकाराबद्दल मला लिहायचे आहे. कारण तो मला आहे. आणि कारण आमच्या शाखेतल्या एका हेडकॅशियरला तो होता.

मी बँकेत छत्तीस वर्षे काढली. २००४ च्या सुमारास अशोक चौकाकडच्या एका शाखेत व्यवस्थापक होतो. आमचे हेडकॅशियर म्हणजे नोटा मोजण्यातले गवई होते. यंत्र आले तरी त्यांचा त्यावर विश्वास नव्हता. अशा माणसाच्या हातून एका पगाराच्या दिवशी रोकड कमी भरली. त्यांनी ती स्वतःच्या खिशातून घातली. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी मी त्यांना निष्काळजीपणाबद्दल मेमो दिला. त्याची भाषा मीच केली होती, आणि ती चांगली उतरली म्हणून मनातून थोडा खूशही झालो होतो, हे आज लिहिताना लाज वाटते. त्यांनी मेमोवर सही केली. फक्त सही करताना रेघ सापडेना म्हणून कागद डोळ्यांच्या अगदी जवळ नेला. मी ते पाहिले आणि म्हणालो, "चष्म्याचा नंबर बदलून घ्या."

नंबर बदलून काही होणार नव्हते. चौदा वर्षांचा मधुमेह होता. डोळ्यांपुढे काळे केस तरंगल्यासारखे दिसतात, हे त्यांनी घरीही सांगितले नव्हते. कॅशियरला दिसत नाही हे साहेबांना कळले तर काय, ही भीती. पुण्याला नेले तेव्हा लेझरने जेवढे वाचवता येते तेवढे वाचवण्याची वेळही उलटत आली होती. दोन-तीन वर्षांत दोन्ही डोळे गेले. निवृत्तीनंतर मी भेटायला गेलो की ते माझा आवाज ओळखून उभे राहत. मेमोचा विषय त्यांनी कधी काढला नाही, आणि माझी काढण्याची हिंमत झाली नाही. आता ते नाहीत.

हा विकार काय करतो ते बँकेच्या भाषेत मला जास्त चांगले सांगता येते. नरसिंहम समितीचा अहवाल १९९१ चा. त्यानंतरचे नियम लागू होण्यापूर्वी आमच्याकडे थकलेल्या कर्जावरचे व्याजसुद्धा उत्पन्न म्हणून खात्यात दाखवले जाई. पैसा आलेला नसे, पण ताळेबंद टवटवीत दिसे. मधुमेह्याचा डोळा वर्षानुवर्षे असाच टवटवीत ताळेबंद दाखवतो. तक्त्यावरची शेवटची ओळ वाचता येते, वेदना नाही, लाली नाही. आत मात्र दृष्टिपटलाच्या, म्हणजे ज्याला आपण सरसकट डोळ्याचा पडदा म्हणतो त्याच्या, केसाहून बारीक रक्तवाहिन्या साखरेने कमजोर होतात. कुठे फुगवटे येतात, कुठे द्रव पाझरतो, काही वाहिन्या कायमच्या बंद पडतात. रक्त मिळेनासे झालेला पडदा मग नव्या वाहिन्यांसाठी आक्रोश करतो. नव्या वाहिन्या उगवतातही, पण त्या इतक्या ठिसूळ की फुटतात आणि डोळ्यात रक्त पसरते. पुढे त्यांचे वण आकसले की ते पडद्यालाच ओढून सोडवतात. पाझरलेल्या द्रवाने पडद्याच्या मध्यबिंदूला सूज आली तर वाचन, ओळख, सुईदोरा ही सगळी बारीक नजर जाते. रुग्णाला पहिला धक्का बसतो तो पुष्कळदा या टप्प्यावर.

डॉक्टरांना मात्र तो कितीतरी आधी दिसू शकतो. माणसाच्या शरीरात रक्तवाहिन्या कापाकापी न करता, उघड्या, वाहताना पाहता येतात अशी जागा डोळाच. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी १८५१ साली जगापुढे ठेवलेल्या साध्या उपकरणाने ते शक्य केले. दिसत होते, पण उपाय नव्हता. अशी शंभर वर्षे गेली.

उपाय आला तो ग्रहणातून. ९ जुलै १९४५ चे सूर्यग्रहण उघड्या डोळ्यांनी पाहिलेला एक वैद्यकीय विद्यार्थी जर्मनीतल्या मायर-श्विकेराथ या तरुण डॉक्टरांकडे आला. त्याच्या पडद्यावर बरोबर मध्यभागी भाजल्याचा डाग होता. कोणी म्हणाले असते, बघा, ग्रहण पाहू नये. १६ फेब्रुवारी १९८० च्या ग्रहणाला आमच्या सोलापुरात हेच म्हणत दारे-खिडक्या बंद झाल्या होत्या आणि रस्ते भर दुपारी ओस पडले होते. या डॉक्टरांच्या मनात उलटा प्रश्न आला: प्रकाशाने पडदा नको तिथे भाजतो, तर हवा तिथे का भाजता येऊ नये? त्यांनी आरशांनी सूर्यप्रकाश खाली आणून रुग्णांच्या पडद्यावर सोडला. ऊन नसेल त्या दिवशी उपचार बंद! पुढे दिव्याचे यंत्र आले, मग लेझर.

लेझरने पडद्याचा कडेचा भाग जागोजागी भाजायचा, म्हणजे रक्तासाठी आक्रोश करणारी तोंडे कमी होतात आणि मध्यभाग वाचतो. कडा देऊन मध्य राखण्याचा हा सौदा. रात्रीची आणि बाजूची नजर थोडी उणावते. हा सौदा खरोखर फायद्याचा आहे का, हे कळायला अमेरिकेत सत्तरच्या दशकात एक मोठा अभ्यास झाला. सतराशेहून अधिक रुग्ण. प्रत्येकाच्या एका डोळ्यावर उपचार, दुसरा तसाच ठेवायचा. कुठला डोळा, ते चिठ्ठी टाकावी तसे ठरवायचे. दोन वर्षांत उपचार न झालेल्या डोळ्यांपैकी सुमारे १६ टक्क्यांची दृष्टी गंभीरपणे गेली, उपचार झालेल्यांपैकी सुमारे ६ टक्क्यांची. १९७६ साली हा आकडा हाती येताच ठरलेली मुदत संपण्याची वाट न पाहता दुसऱ्या डोळ्यावरही उपचार करण्याची मुभा दिली गेली. कादंबरीकार म्हणून मी या माणसांचा पुष्कळ विचार करतो. माझा एक डोळा तुमच्या प्रश्नासाठी घ्या, असे म्हणणारी ती सतराशे माणसे. आज सोलापुरात कोणाच्या डोळ्याला लेझर लागतो तेव्हा त्यामागे त्यांचा न दिलेला, म्हणजे उपचार न दिलेला, डोळा असतो.

दुसरी क्रांती इंजेक्शनांची. उपाशी पडदा कुठले तरी द्रव्य सोडून नव्या वाहिन्यांना बोलावत असणार, असा अंदाज मायकेलसन यांनी १९४८ मध्येच केला होता. ते द्रव्य कुठले हे १९८९ मध्ये नेपोलिओन फेरारा यांच्या संशोधनातून उलगडले. त्याला अडवणारे बेव्हॅसिझुमॅब हे औषध २००४ साली अमेरिकेत मान्य झाले ते आतड्याच्या कर्करोगासाठी. कर्करोगाची गाठही रक्तासाठी अशीच वाहिन्या बोलावते. पुढच्याच वर्षी मायामीच्या फिलिप रोझेनफेल्ड यांनी त्याचा एक थेंब डोळ्यात टोचून पाहिला, आणि सुजलेला पडदा उतरला. त्याच कंपनीने खास डोळ्यांसाठी रॅनिबिझुमॅब हे सख्खे भावंड २००६ मध्ये आणले. अमेरिकेत एकाच्या मात्रेला सुमारे ५० डॉलर, दुसऱ्याच्या मात्रेला सुमारे २,००० डॉलर.

माझ्यासारख्या बँकवाल्याचे कान इथे टवकारतात. स्वस्त औषध महागाइतकेच चांगले आहे हे सिद्ध करण्यात कंपनीला काय रस असणार? ती तुलना अमेरिकन सरकारच्या राष्ट्रीय नेत्र संस्थेने सार्वजनिक पैशातून केली. वयोमानाने होणाऱ्या पडद्याच्या विकारात दोन्हींचा गुण जवळजवळ सारखाच, असा निकाल २०११ मध्ये लागला. मधुमेही सुजेबाबत २०१५ च्या अभ्यासाने थोडे सावध उत्तर दिले: नजर फारशी उतरली नसेल तर तिन्ही औषधे सारखी, बरीच उतरली असेल तर तिसरे, महागडे अफ्लिबरसेप्ट सरस. आपल्याकडे कर्करोगाच्या एका कुपीतून अनेक डोळ्यांसाठी मात्रा काढल्या जातात. त्यात स्वच्छतेची चूक झाली तर जंतुसंसर्ग होऊन डोळाच जाण्याची भीती. गुजरातेत असा प्रकार घडल्यावर २०१६ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांनी या वापराविरुद्ध इशारा काढला आणि नेत्रतज्ज्ञांच्या आग्रहानंतर त्याच वर्षी मागे घेतला. दरम्यान २०१५ मध्ये रॅनिबिझुमॅबची भारतीय आवृत्ती बाजारात आली होती, त्यानेही भाव उतरले. तरी हे इंजेक्शन एकदा घेऊन भागत नाही. पहिल्या वर्षात अनेकदा घ्यावे लागते.

माझा पहिला विमा दावा "रुग्ण चोवीस तास दाखल नव्हता" म्हणून परत आला होता. दहा मिनिटांच्या इंजेक्शनासाठी चोवीस तास खाटेवर पडून काय करायचे असते, हे मी त्या कंपनीला विचारले. उत्तर आले नाही. विमा नियामकाने २०१९ मध्ये डोळ्यातल्या इंजेक्शनांचा समावेश वगळता न येणाऱ्या आधुनिक उपचारांत केला. मर्यादा घालण्याची मोकळीक मात्र ठेवली. पॉलिसीतले ते बारीक अक्षर दिसते आहे तोवर वाचून घ्यावे.

असो. औषधांबद्दल एवढे लिहिले, पण माझ्या मते लढाई औषधांपाशी अडलेली नाही. इंग्लंडचे उदाहरण घ्या. तिथे २००३ पासून प्रत्येक मधुमेह्याला पत्र पाठवून बोलवायचे, पडद्याचा फोटो काढायचा आणि तो तपासायचा, अशी देशव्यापी यंत्रणा उभी राहू लागली. २०१४ मध्ये तिथल्या संशोधकांनी जाहीर केले की निदान पन्नास वर्षांत प्रथमच, कामाच्या वयातल्या लोकांच्या अंधत्वाचे पहिले कारण मधुमेह उरलेले नाही. यात मधुमेहाच्या सुधारलेल्या उपचारांचा वाटा आहेच. पण मुख्यतः डाकेचे एक पत्र आणि एक फोटो!

आपल्याकडे काय? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात १०.१ कोटी मधुमेही. चाळिशीपुढच्या मधुमेह्यांपैकी १२.५ टक्क्यांच्या पडद्यावर विकार, आणि ४ टक्क्यांची तर दृष्टीच धोक्यात, असे २०२२ च्या एका देशव्यापी अभ्यासात दिसले. आणि राष्ट्रीय पाहणीत ज्यांना आपला मधुमेह माहीत होता, अशा दहांतल्या सुमारे नऊ जणांनी पडद्याची तपासणी कधीच केलेली नव्हती. त्या नवांत मीही होतो. अकरा वर्षे दर तीन महिन्यांनी साखरेचे कागद घेऊन डॉक्टरांकडे जात होतो. त्यांनी पाय पाहिले, मूत्रपिंडाची तपासणी केली, रक्तदाब मोजला. डोळ्यांचे ते बोलले नाहीत, मीही विचारले नाही. हेडकॅशियरचे सगळे पाहूनही! मधुमेह कळला त्या दिवशी एकदा आणि मग दरवर्षी पडदा तपासायचा, एवढा साधा नियम मला वयाच्या चौपन्नाव्या वर्षी कळला.

आमचा जिल्हा साखर कारखान्यांचा. उसाची साखर आणि रक्तातली साखर यांचा संबंध लोक समजतात तितका सरळ नाही, पण जागोजागी साखर तपासणारी यंत्रे आहेत, हे खरे. औषधांच्या दुकानात, रोटरीच्या शिबिरात, गड्ड्याच्या यात्रेतसुद्धा बोट टोचून आकडा सांगतात. माझे म्हणणे असे की पडद्याचा कॅमेरा नेत्ररुग्णालयात नव्हे, तर या बोट टोचण्याच्या जागी हवा. ते आता अशक्य राहिलेले नाही. संगणकाला पडद्याचे फोटो ओळखायला शिकवण्याचा गाजलेला प्रयोग २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात भारतीय रुग्णालयांतले फोटो होते. मुंबईत महापालिकेच्या दवाखान्यांत डॉ. एस. नटराजन आणि सहकाऱ्यांनी मोबाईलवर बसवलेल्या कॅमेऱ्याने, इंटरनेटशिवाय चालणाऱ्या संगणकीय परीक्षकाची चाचणी घेतली. तिचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले आणि ते आशादायक आहेत.

पण मी कर्जवसुलीत आयुष्य घालवले आहे. थकबाकीदारांची यादी छापणे आणि थकबाकी वसूल होणे यांत किती अंतर असते ते मला ठाऊक आहे. संगणक "पुढे पाठवा" म्हणेल. पुढे म्हणजे कुठे? अक्कलकोट किंवा करमाळ्याच्या खेड्यातल्या माणसाने लेझरसाठी चार खेपा कशा घालायच्या, सोबत कोणी यायचे, त्याची मजुरी कोणी द्यायची? फोटो काढणाऱ्या मोहिमांची उद्घाटने होतील. या चार खेपांचे उद्घाटन कोणी करत नाही. इंग्लंडने पत्र पाठवले तसे न आलेल्याला दुसरे पत्रही पाठवले, हे विसरू नये.

अशा नोंदी ठेवण्याचा आणखी एक लाभ अलीकडे दिसला. फेनोफायब्रेट हे रक्तातल्या चरबीवरचे जुने, स्वस्त औषध. स्कॉटलंडमध्ये डोळे तपासणीच्या सरकारी नोंदींतून ११५१ रुग्ण निवडून त्याची चाचणी घेतली. सुरुवातीच्या पडदाविकाराची वाढ या औषधाने सुमारे २७ टक्क्यांनी रोखली, असे २०२४ मध्ये जाहीर झाले. हे वाचून कोणी परस्पर गोळी सुरू करू नये. मूत्रपिंडावर लक्ष ठेवून डॉक्टरांनीच ती द्यायची असते. रक्तदाब आटोक्यात ठेवल्याने पडद्याचा ऱ्हास सुमारे एक तृतीयांशाने कमी होतो, हे तर ब्रिटनमधल्या मोठ्या अभ्यासातून १९९८ पासून ठाऊक आहे, आणि रक्तदाबाची गोळी आपल्याकडे कोपऱ्यावर मिळते.

त्या दिवशी माझा नंबर यायला अजून वेळ होता. त्या बाईची मुलगी औषधे आणायला गेली होती. बाईने हातातले कार्ड माझ्यापुढे धरले. "साहेब, सुईची तारीख कुठली लिहिलीय बघा की."

मी कार्ड लांब धरले, जवळ धरले. मला पांढऱ्यावर एक निळा डाग दिसत होता. आम्ही दोघेही ते कार्ड धरून बसलो. शेवटी समोरच्या बाकावरच्या शाळकरी पोराने ते वाचून दाखवले. पुढचा मंगळवार.

"मंगळवारी पगार असतोय," बाई म्हणाली. "बुधवारी चालंल का?"

खिडकीतल्या मुलीने मान न उचलता सांगितले, "पडद्याचे डॉक्टर मंगळवारीच असतात, मावशी."